बाबांना येणारी लाल पाकिटं

वेस्ट फोर्क, नेब्रास्का
४ मार्च २०१७

चि. कर्टिस यास अ. उ. आ.
आशीर्वाद द्यायची आज इच्छा नव्हती, पण थोरली बहीण पडले.

बाबांच्या पायाची जखम चिघळली आहे, साखर चारशेच्या खाली येत नाही. आणि मलमपट्टीला येणाऱ्या जॅनेलला, काउंटीच्या सरकारी नर्सला, त्यांनी काल फाटकातूनच हाकललं. का, तर तुमच्या बंदूक-हक्क संघटनेचं लाल पाकीट आलं होतं. आत लिहिलंय की सरकारी नर्स आता घरोघर बंदुका मोजत फिरणार. बाबांनी तिला विचारलं, ताप मोजायला आलीस की बंदुका, ते आधी सांग. त्यांच्याच मांडीवर खेळलेली पोर ती! सही तुमच्या अध्यक्षाची असली तरी भाषा तुझी आहे, मी ओळखली. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग.

कळावे. लोभाचं नंतर बघू.
मार्लिस

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया
११ मार्च

ती. मार्लिसताईस सा. न. वि. वि.
तुझ्या पत्राने कान उपटले, ते योग्यच झालं.

खरं सांगतो. नोव्हेंबरात आपला माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि आमच्या कचेरीला सुतक लागलं. सरकारच आपलं, मग लोक भिणार कुणाला? सभासद गळायला लागले. साहेब म्हणाले, नवा बागुलबुवा शोधा. कुठल्याशा दवाखान्याच्या अर्जात घरात बंदूक आहे का असा एक प्रश्न होता, त्यातून मी ती नर्स उभी केली. लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा, असं आम्हाला शिकवतात. मी बाबांना ठेवतो. ते कशाला भितात ते मला ठाऊक आहे, म्हणून माझी पत्रं चालतात.

रागावू नकोस. त्यांचं नाव मी आजच यादीतून काढलं. पाकिटं थांबली की जॅनेलला आत घेतील.

शिव्या दे, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा कर्टिस

वेस्ट फोर्क
२ एप्रिल

चि. कर्टिस यास आशीर्वाद.
तू आगीतून फुफाट्यात टाकलंस. तीन आठवडे पाकीट नाही, तेव्हा बाबांनी ठरवूनच टाकलंय की संघटनेच्या माणसांना पकडलं आणि टपाल सरकारने अडवलं. फोनची तार त्यांनी उपटून टाकली. दिवसभर रायफल घेऊन ओसरीवर बसतात. मी जेवण नेलं तर मलाही भांड्याचं झाकण उघडून दाखवावं लागतं. डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात उपचार झाले नाहीत तर पाय जाईल, कदाचित बाबाही जातील. शेरिफच्या पोलिसांना पाठवलं तर कोण कुणावर गोळी झाडेल, सांग.

तू ये. पण आधी त्यांना पत्र लिही, दुसऱ्याच्या सहीने नव्हे, स्वतःच्या नावाने. सगळं कबूल कर. तेवढं जमलं नाही तर पुन्हा मला ताई म्हणू नकोस. संताप संताप होतोय.
मार्लिस

वेस्ट फोर्क
१० एप्रिल

माझ्या मुलाच्या नावाने लिहिणाऱ्यास,
तुम्हाला कसला आलाय नमस्कार!

तुमचं चार पानी पत्र मिळालं. माझा कर्टिस नाताळला दोन ओळी लिहितो, त्यातली एक हवामानाची. तो बापाला चार पानं लिहील आणि वर माफी मागेल, हे शेंबडं पोरसुद्धा खरं मानणार नाही. आणि संघटनेची पत्रं म्हणे त्यानेच पोटासाठी रचली! ती लिहिणारा माणूस मला ओळखतो. बायको गेल्यापासून या घरात मला कशाची भीती वाटते, ते त्याला न सांगता कळतं. पोटच्या पोराला ते कधी कळलं नाही.

पाय काळा पडलाय, तरी उभा राहतो. नर्सला आत घेणार नाही. शुक्रवारी येतो म्हणून लिहिलंत, या. कर्टिसचा चेहरा लावून आलात तरी फाटकाशीच गोळी घालीन.

आणि माझा मुलगा तुमच्या ताब्यात असेल तर त्याला सोडा. तो भोळा आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही.
ऑर्विल