तुडीलची दीर्घिका

१४ मार्च
दुर्बिणीत स्वतः केलेलं: आठ इंची आरसा, दोन पावसाळे काच घासून. पीव्हीसीची नळी. फणसाच्या लाकडाची बैठक. आरशावरचा मुलामा पुण्याहून, तो माझा नाही.
आणि आता एक दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी. मघा नक्षत्राच्या बरीच खाली, धूसर, तांदळाच्या दाण्यासारखी दोन्ही टोकांना निमुळती. नकाशाच्या पुस्तकात तिथे काही नाही. पुनःपुन्हा पाहिलं.

१६ मार्च
सरपंचांना बोललो. संध्याकाळपर्यंत वाडीभर. मुंबईहून आलेला चुलतभाऊ: "आमच्या चाळीत नळाला पाणी आणलं तरी सत्कार करतात रे, तुझं तर आकाशातलं हाय!" रविवारी विहाराच्या सभागृहात सत्कार. दीर्घिकेला नाव आपल्या गावाचं, तुडील. नको म्हणालो. एकदाच.

१९ मार्च
भाची प्रज्ञा आली. महाडला विज्ञान शिकवते. टेबलावर मी काढलेली आकृती माझ्या बाजूने सुलट, नकाशा तिच्याकडे वळवलेला, ती समोर बसलेली.
"मामा, ही तर छापलेलीच आहे की."
म्हटलं, तू उलट्या बाजूने बघतेयस. तिने आकृती नकाशाला लावून ठेवली. मग मलाच...
आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. बघायला येईल त्याला पहिलं वाक्य मी हेच ऐकवतो. शाळेच्या मास्तरांना तर चारचौघांत, चढ्या आवाजात. आणि आकृती काढली दिसली तशी, नकाशा धरला सुलट. शेजारच्या ताऱ्याच्या डावीकडे वर शोधत बसलो, ती उजवीकडे खाली.
भिंगाकार दीर्घिका. कडेने दिसते म्हणून निमुळती. फोनवर प्रज्ञानेच काढलं: शोध दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्या माणसानेही आरसे स्वतःच घासलेले.
"रविवारच्या आधी सांगून टाक, मामा. हसतील दोन दिवस."

२२ मार्च, रवि.
शाल, पुष्पगुच्छ. सरपंच: "कोणाकडं शिकाय गेला नाय, समदं आपल्या डोक्यानं!" वाक्य घोकून गेलो होतो, ही आधीच सापडलेली आहे. तोंडातून निघालं, आभारी आहे. मास्तर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. प्रज्ञा मागच्या रांगेत, हात मांडीवर. तशीच एस.टी.ला गेली.

२५ मार्च
वरंध घाटातला हॉटेलवाला आला. दुर्बीण त्याच्या गच्चीवर, शनिवार-रविवार मी, दारात पाटी: 'तुडील दीर्घिकेचे शोधक'. नाही म्हणालो. आता सरपंच सांगत फिरतायत, "पैशाला भुलला नाय गडी!"
प्रज्ञाचा फोन. "का नाही म्हणालास, ते सांगितलंस त्यांना?"
उद्या सरपंचांकडे जाऊन सगळं सांगतो म्हणालो. कालही हेच म्हणालो होतो.
नाकारलं ते: दुर्बीण आणि पाटीवर माझं नाव, मिळून एक लाख चाळीस हजार.