डोक्यातलं पाणी आणि घरातली शांतता

काल्हेर, गुरुवार

रा. रा. हिरामणशेठ यांस,

काल्हेरहून रामनाथचा हात जोडून रामराम. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, तेव्हा उभ्यानेच घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला उतरला का, उरणला यंदा मासळी बरी आहे का, सगळं सविस्तर कळवा. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. फक्त माझ्या डोक्याचं हाड माझ्या पोटात आहे आणि तुमच्या बहिणीने माझ्याविरुद्ध डॉक्टरांशी संधान बांधलं आहे. फोनच केला असता, पण माझ्या डोक्यात जे काही बसवलंय त्याला लोहचुंबक चालत नाही, आणि फोनमध्ये चुंबक असतं एवढं ऐकून आमच्या देवेशने माझा फोन कपाटात टाकला आणि किल्ली खिशात घातली. फ्रीजच्या दारालाही चुंबक असतं म्हणे, म्हणून थंड पाणीसुद्धा मला मागून घ्यावं लागतं. पोटच्या पोराने बापाला फ्रीजपासून तोडावं, असे दिवस आलेत.

तुमच्या बहिणीने, कमळने, तुम्हाला फोनवर जे सांगितलं असेल ती तिची बाजू. माझी आता ऐका. गोदामाच्या फलाटावर मी ट्रक मागे घेत होतो, म्हणजे ड्रायव्हर घेत होता आणि मी ‘आने दो, आने दो’ करत मागे मागे सरकत होतो. ट्रक जिथे थांबायचा तिथे थांबला. मी थांबलो नाही, फलाटाच्या कडेवरून डोक्यावर खाली आलो. (ड्रायव्हर अजून सगळ्यांना सांगतो की त्याची चूक नव्हती. नव्हतीच, पण म्हणून सांगत फिरायचं?) डोक्याला आतून सूज आली तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूला फुगायला जागा मिळावी म्हणून उजव्या बाजूचं हाड कापून काढलं. इथवर मला मान्य आहे. पण शुद्धीवर आल्यावर पोटावरून हात फिरवतो, तर कातडीखाली बशीएवढं काहीतरी टणक लागलं. मला वाटलं, ऑपरेशनवाले आत काही विसरले. मी आरडाओरडा केला तेव्हा तुमची बहीण पदराने वारा घालत म्हणाली, “ओरडू नका, तुमचीच कवटी हाय ती.” काढलेलं हाड सांभाळायला स्वतःचं पोट सगळ्यात बरं, सूज उतरली की पुन्हा जागेवर बसवायचं, असं डॉक्टरांचं म्हणणं. आपण दागिने बँकेत ठेवतो ते घरात ठेवू नयेत म्हणूनच ना? पण मला विचारतो कोण.

तर डोक्याला उजवीकडे वाटीएवढा खड्डा घेऊन मी घरी आलो. आपल्याकडे हाड मोडलं की बकऱ्याच्या पायांचं सूप पाजतात, हे तुम्हाला सांगायला नको. इथे हाड मोडलेलं नव्हतं, काढून ठेवलेलं होतं, हा फरक कुणी लक्षात घेतला नाही. आमचा चुलतभाऊ नवशा रोज सकाळी पायांची पिशवी घेऊन हजर. आणि काय सांगू, काही आठवड्यांत खड्डा भरू लागला. इथून पुढचं मला आठवत नाही, ऐकीव सांगतो. येईल तो पाहुणा म्हणे माझ्या डोक्याला बोट लावून बघायचा आणि नवशा प्रत्येकाला सांगायचा, “हाड फुटतंय, कोंब फुटतो तसं.” घरात पेढे वाटले गेले. त्याच दिवसांत मी शांत झालो. दिलं ते खायचं, विचारलं की मान हलवायची, पाय ओढत चालायचं, आणि कपडे ओले झाले तरी मला पत्ता नसायचा. (हे शेवटचं वहिनींना वाचून दाखवू नका.) हळदीच्या डीजेवरून ज्या माणसाने अख्ख्या गावाशी वैर घेतलं, त्याच्याच अंगणात नवशाच्या मुलीची हळद झाली आणि तो माणूस स्पीकरला टेकून हसत बसला होता. फोटो आहेत. सगळे म्हणाले, अपघाताने माणूस सुधारला. मी दुधीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली असंही सांगतात, ते मी मानत नाही.

मला तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांसाठीही पेढ्यांचा पुडा नेला. डॉक्टरांनी पेढा तोंडाशी नेला, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि पेढा तसाच टेबलावर ठेवला. खड्डा भरून वर टेंगूळ आलं होतं. हाडबिड काही नाही, ते पाणी होतं. मेंदूत पाणी रोज तयार होतं आणि रोज जिरतं, म्हणे. मार लागलेल्या, हाड काढलेल्या डोक्यात कधीकधी ते जिरेनासं होतं. माणूस सुधारलाबिधारला नव्हता, आतल्या आत दबत चालला होता. आणखी थोडे दिवस हे सगळे मला सूप पाजत राहिले असते, तर तुम्हाला हे पत्र लिहायला मी नसतो. नवशाने पेढ्यांचा पुडा उचलून पिशवीत टाकला. फुगलेल्या भातावर झाकण बसत नाही, तसं पाणी उतरल्याशिवाय हाड बसेना. म्हणून डोक्यातून एक नळी कातडीखालून, कानामागून, मानेवरून, छातीवरून पोटात सोडली. (पुन्हा पोट.) हाड उजवीकडे, पाणी डावीकडे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी त्या पोटाची गत.

हेही सोसलं असतं. पण त्या नळीला कानामागे एक चिमुकली झडप आहे आणि डॉक्टर बाहेरूनच चुंबकाचं यंत्र लावून तिचा आकडा बदलतात. आकडा वर नेला की पाणी कमी वाहतं, खाली आणला की जास्त. पहिल्या आकड्यावर मी गप्पच राहिलो. मग तो खाली आणला, आणि एका सकाळी गोदामाचं फाटक उघडं बघून मी देवेशच्या नावाने अशी हाक मारली की ती टेमघरपर्यंत ऐकू गेली असावी. तेव्हापासून मी माझा मी आहे. आता मात्र पाणी जरा जास्तच उतरून खड्डा पुन्हा खोल गेलाय. येत्या सोमवारी हाड बसवायचंय, आणि मेंदू हाडाच्या फार खाली राहिला तर मधल्या पोकळीत रक्त साचतं. म्हणून डॉक्टर आकडा थोडा वर नेणार आहेत. जास्त गेला तर पुन्हा पाणी तुंबणार, तेव्हा बेताबेताने. एवढं समजावून झालं, देवेश मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेऊ लागला, आणि मागून तुमच्या बहिणीचा आवाज आला, “डॉक्टर, हे गप्प होते तवा आकडा किती व्हता?”

दार लागलं, पुढचं ऐकू आलं नाही. ऐकायचं राहिलंय काय? हिरामणशेठ, तुम्हीच सांगा. पंख्याला रेग्युलेटर असतो, समजू शकतो. नवऱ्याला? इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला आवाजाखेरीज दुसरा कसला त्रास दिला? तेव्हापासून मी तिच्याशी अबोला धरलाय. ती समजवायला आली की मी भिंतीकडे तोंड करतो. हवी होती ना शांतता, घे म्हणावं. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, फोनवरून चार खडे बोल सुनवा. ऑपरेशनला यायची तसदी मात्र घेऊ नका. गुडघा सांभाळा. एरवीही तुमचं-माझं पाच मिनिटं पटत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, आज तरी शुद्धीवर असलेला,
रामनाथ

ता. क. हाड बसवताना माणसाला पूर्ण झोपवतात, तेव्हा भिण्यासारखं काही नाही. मी मुळीच भीत नाही.

आणखी एक ता. क. उठल्यावर मी कमळशी बोललो नाही, तर दर वेळी तो रागच असेल असं नाही. हे तिला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगू शकत नाही, कारण आमचा अबोला आहे.

दादा, हे खालचं मी कमळ लिहिते. पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी न बोलता माझ्यासमोर आणून ठेवलं, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. टपालाने पोचेपर्यंत सोमवार उलटेल, फोटो काढून पाठवते आहे. मी आकडा विचारला तो डॉक्टरांनी पुन्हा त्याच्या जवळपाससुद्धा जाऊ नये म्हणून. हे गप्प होते तेव्हा बायका मला म्हणायच्या, सुखात पडलीस. एकदा आमटीत मीठ घालायचं राहिलं, तर ह्यांनी अख्खी वाटी पिऊन खाली ठेवली. मी मोरीत जाऊन रडले. माझं नाव विसरले होते, दादा. मला ‘बाई’ म्हणायचे. हे त्यांना आम्ही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर माणूस गप्प झाला तर लगेच कळवा. आणि ह्यांनी तर अबोला धरलाय. पाण्याने गप्प आहेत की रागाने, मी कशी ओळखू? म्हणून गुडघा दुखत असला तरी सोमवारी याच. शुद्धीवर आले की समोर उभे राहा आणि कशावरून तरी भांडण काढा, तुम्हाला ते जमतं. त्यांनी तुमच्यावर आवाज चढवला, की मी जेवेन.