हार्ड डिस्क तू बिघडवली नव्हतीस

प्रिय बाबा,

आज दुपारी तुझा म्युझिक सर्व्हर वाजला. दोन ओळी ऐकल्या आणि बंद केला, घरात सुतक आहे. पण तुझ्या लेकीच्या, ज्योतीच्या आधी तुला कळायला हवं म्हणून लिहितोय. तोंडाने सांगायची वेळ तर मी घालवलीच.

म्युझिक सर्व्हर म्हणजे टीव्हीखालची ती छोटी पेटी, मीच आणून लावलेली, आठवतं? तिला हार्ड डिस्क जोडली की आईची धवल्यांची गाणी थेट मोठ्या स्पीकरवर. गावातल्या किती लग्नांत धवलारीण म्हणून गायली आपली आई! तू घरोघरी फिरून त्या लग्नांच्या जुन्या कॅसेटी मागून आणल्यास, कल्याणच्या एका दुकानातून डिस्कवर भरून घेतल्यास. ती गेल्यावर रोज सकाळी अंघोळ झाली की तेच लावायचास. मध्येच तिला खोकला यायचा, तिथे तू हसायचास.

मग एक दिवस पेटीला डिस्क दिसेना. तू मला वागळे इस्टेटला, ऑफिसात फोन केलास. आणि मी काय म्हणालो? "चालू असताना उपटली असशील तू. शंभरदा सांगितलंय ना, हात लावू नको!"

भांडला असतास तर बरं झालं असतं रे. तू म्हणालास, "माझ्याच हातून बिगरली आसंल. तुला टाइम भेटंल तवा बग."

मी कॉम्प्युटरवाला, आणि मला टाइम भेटला नाही. दर रविवारी ठाण्याहून ठाकुर्लीला यायचो, मटणावर ताव मारायचो आणि आडवा व्हायचो. तू एक-दोनदा त्या पेटीकडे बघितलंस. मी कूस बदलली.

ज्योतीच्या हळदीला तुझं एवढंच मागणं होतं, की हळद लावताना आईचा आवाज असावा. डीजे नंतर हवा तेवढा वाजू दे. आवाज काही लागला नाही. ज्योती सगळ्या भावकीसमोर तुला म्हणाली, आईचं एवढं एकच उरलं होतं, तेही तू घालवलंस. तू खाली मान घालून सुपारी कातरत बसलास. मी तुझ्या शेजारीच उभा होतो, बाबा.

आता तू गेलास, तेरा दिवसांची सुट्टी मिळाली आणि टाइम भेटला. काय लाज वाटते सांगताना! डिस्क लॅपटॉपला लावली. त्यात माझा एक पिक्चर निघाला, अर्धाच भरलेला, तुझ्या फोनच्या आदल्या संध्याकाळचा. खाली रिक्षा थांबलेली म्हणून मी भरता भरताच डिस्क उपटलेली. नीट बंद न केलेली डिस्क ती पेटी उघडतच नाही. दुरुस्तीला एक बटण दाबलं. दोन मिनिटं लागली.

आणि खरं सांगू? हळदीच्या दिवशी ती रिक्षा मला आठवली होती. पुसटशी, पण आठवली होती. तरी मी गप्प बसलो. तुझ्यावर आलंय तर येऊ दे, असंच झालं ना ते?

परवा तुझं तेरावं. हळदीला होती ती सगळी भावकी येईल. जेवणं वाढायच्या आधी मी उभा राहून ज्योतीला सांगेन, की बाबांनी नाही, मी बिघडवली, आणि मला ते माहीत होतं. ती काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकून घेईन. डिस्क तिच्या हातात देईन. मला या घरात आईचा आवाज ऐकू द्यायचा की नाही, ते तीच ठरवेल.

तुझ्या शेजारी गप्प उभा राहिलेला,
सुऱ्या