डोळे पिवळे नव्हते म्हणून

प्रिय सुधीर,

आज तुझं तेरावं. पंगत उठली आणि लाडू चघळत काकांनी निकाल दिला, "एमआयडीसीच्या केमिकलनं खाल्लं पोराला." सगळ्यांनी माना डोलावल्या. चारचौघांत तमाशा नको म्हणून आता तुलाच लिहिते आहे. निदान तू मध्ये बोलणार नाहीस!

आठवतं, हात दाखवायला बदलापूरला माझ्याकडे आला होतास? पंजांवर पाण्यानं भरलेले फोड, जरा खरचटलं की सोलणारी कातडी. उन्हात फिरलास की जास्तच. "केमिकल गं ताई, शिफ्टमध्ये सगळ्यांनाच काही ना काही असतं." तुमच्या कंपनीच्या अंबरनाथमध्ये शिंक आली तरी केमिकल! कंपन्यांना शिव्या द्यायला मी कधीच मागे नसते. पण तू पॅकिंगला होतास रे, खोके बांधायचास.

लघवी काळ्या चहासारखी होते म्हणालास, तेव्हा तुझ्या बायकोनं काय केलं? पापणी ओढून पाहिली. "डोळे पिवळे नाहीत, म्हणजे कावीळ नाही." झालं! आपल्याकडे लिव्हरची तपासणी तिथेच संपते. मी रक्त तपासून घे म्हटलं, तर हसलास. "कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस म्हणजे डॉक्टर झालीस का?" मग मलमं, हातमोजे, आणि रविवारची क्वार्टर चालूच.

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, "लिव्हर कधी तपासलं?" पोर्फिरिया, त्या म्हणाल्या. रक्ताचा रंग तयार होताना मधलाच एक पदार्थ अंगात साठतो आणि ऊन लागलं की फोड उठतात. हे उफाळण्यामागे बरेचदा हिपॅटायटिस सी असतो, डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं लिव्हर पोखरणारा. तो गोळ्यांनी जातो, सुधीर! पण तोवर तुझ्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ झाली होती. तुझे हात ओरडून सांगत होते, आणि आपण त्यांना मलम फासत होतो.

रक्तातून पसरणारा हा विषाणू तुझ्यात कुठून आला, कुणाला ठाऊक? कॅम्प तीनच्या वस्तीत, आपल्या घराच्या गल्लीतला तो डॉक्टर, ताप असो की पाठदुखी, सुई टोचायचा. सुई बदलायचा का, कुणी विचारलं? लग्नानंतर तुझी सुनंदाही तिथेच जायची. आज भांडी आवरताना तिला म्हटलं, तूही तपासून घे. तर म्हणते, "मला कुठे फोड आलेत, ताई? डोळेही पिवळे नाहीत." तुझ्या तेराव्याला हे ऐकायचं! मी काय बोलले ते लिहीत नाही. मग ती हळूच म्हणाली, "आणि निघालं तर? ऋतुजाला कोण बघेल?"

पोरीच्या काळजीनंच पोरीची आई घालवायची का?

तुला वचन देते. उद्या सकाळी तिला लॅबमध्ये नेते. आधी माझा दंड पुढे करीन, त्याच सुया मीही घेतल्या आहेत. ती रडली तर रडू दे. पळून रिक्षात बसली तर शेजारी जाऊन बसेन आणि रिक्षा परत फिरवेन. या घरात एका फोटोला हार घातला, तेवढा पुरे.

अजूनही रागावलेली,
तुझी ताई