आमच्या आळीतला वास

५ ऑक्टोबर १९५८, रविवार
आज आमच्या ओटीवर आळीची सभा झाली. सोळा घरांतले सोळा पुरुष. अध्यक्ष अर्थात नाना. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या या भावाला हात चोळत बसायची वेळ आली होती, आज पुन्हा कुणीतरी "साहेब" म्हणालं. मी माजघराच्या दाराआड, कागद आणि दौत घेऊन. बाईमाणसानं सभेत बसायचं नाही. अर्ज मात्र माझ्याच हातचा हवा, कारण कन्याशाळेत शिकवते आणि अक्षर चांगलं.
विषय एकच. वास. दुपार कलली, खाडीवरून वारा आला, की ओटीवर बसवत नाही. बापूसाहेब म्हणाले, "मच्छीबाजार आळीच्या तोंडाशी आहे तोवर हे असंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. सकाळी त्याच बाजारातून यांतल्या बारा घरांत बोंबील गेलेत.
वास कसला ते मला ठाऊक आहे. बापूसाहेबांनी उन्हाळ्यात माडी चढवली, तेव्हा नवे संडास बांधले. त्याचं पाणी आळीच्या उघड्या गटारात सोडलं. गटार संपतं ते बाजाराच्या मागच्या भिंतीशी, आणि तिथंच तुंबतं. शाळेला जाताना रोज नाकाला पदर लावून तिथून जाते. दाराआडून म्हटलं, "नाना, गटाराचंही लिहायचं ना?"
बापूसाहेबांनी पानाचं तबक पुढे ओढलं. मग नाना: "सांगतो तेवढं लिही, कुसुम."

७ ऑक्टो.
अर्ज झाला. "मच्छीबाजारातील असह्य दुर्गंधीमुळे आळीतील स्त्रिया व बालके यांच्या प्रकृतीस अपाय होत असून…" स्त्रियांच्या प्रकृतीस. एकाही स्त्रीला कुणी विचारलं नाही. खाली सोळा सह्या. माझी नाही. मी फक्त लिहिलं. सकाळपासून हेच स्वतःला सांगते आहे.

९ ऑक्टो.
हिरा कोळीण मागच्या दारी आली. विधवा होऊन मी माहेरी परत आले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हिच्याच पाटीतली मासळी. मी खात नाही. निवडते, साफ करते, शिजवते.
पाटी उतरवत म्हणाली, "बाय, आमचा बाजार उठवतान म्हनं. तुमच्याच ओट्यावर सभा झाली."
"कानावर आलंय काहीतरी."
"तुमी नानांना सांगा. तुमचा शबुद मोडनार न्हाय ते."
जाताना वहिनीसाठी चार मांदेली जास्त टाकून गेली. ती मांदेली साफ करायला घेतली. काटा रुतला तरी कळलं नाही.
नानांना काही सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर
नगरपालिकेनं ठराव केला. बापूसाहेब सभासद, त्यामुळे उशीर कशाला होईल. बाजार आता खाडीपलीकडे, मिठागराच्या बांधाजवळ. तिथे ना छप्पर ना ओटा. जायला बांधावरची दगडी वाट, आणि उधाणाला ती वाटच पाण्याखाली जाते. हे न.पा.त कुणाला माहीत नाही असं नाही. सगळ्यांचं बालपण याच खाडीवर गेलंय.

५ नोव्हें.
आजचं लिहावं की नको. लिहिते.
शाळा सुटल्यावर हिरा आणि तिची सासू फाटकाशी उभ्या होत्या. सासूला कोळीवाड्यात सगळे बायजाआय म्हणतात. सत्तरी गाठली असेल, अजून डोक्यावर पाटी घेते. न.पा.त त्या तक्रार घेऊन गेल्या, तर कारकून म्हणाला, "लेखी आणा."
हिरा म्हणाली, "आमच्यात लिवनारा कोन हाय? तुमीच द्या लिवून. गटाराचं पन लिवा. वास त्याचाच हाय, तुमाला म्हायती हाय."
तुमाला म्हायती हाय.
मी म्हटलं, सहामाहीचे पेपर तपासायचेत, वेळ नाही. पेपर परवाच तपासून झालेत.
बायजाआय माझ्याकडे बघत राहिली, मग सुनेला म्हणाली, "चल." दोघी रस्त्याच्या कडेकडेनं गेल्या. त्या वळेपर्यंत मी तिथंच उभी. हाक मारता आली असती.

३० नोव्हें.
बाजार उठला. न.पा.ची माणसं येऊन फळ्या उचकटून गेली. नानांनी वहिनीला शिरा करायला सांगितला. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

१२ डिसेंबर
वास तसाच. उलट जास्त. कोळणी सकाळी बाजाराच्या मागची बाजू झाडून पाणी मारत, आता तिथं कुणी फिरकत नाही.

१४ डिसें., रविवार
पुन्हा सभा. पुन्हा मी दाराआड.
पहिली तक्रार: बाजार फार लांब गेला, मासळी घरी येईपर्यंत मऊ पडते. शेजारचे वामनराव: "त्यांना दारोदार यायला सांगा की. त्यांचाच धंदा आहे." दुसरी तक्रार: वास. त्यावर बापूसाहेब म्हणाले, इतक्या वर्षांचा वास, जमिनीत मुरलाय, जायला एक पावसाळा लागेल. न.पा.ला सांगून फिनेल टाकून घेऊ. कुणी हसलंसुद्धा नाही. सोळा शहाणी माणसं, एकाला गटार दिसत नाही. की दिसतं, आणि माडी त्याहून मोठी दिसते?
ठराव लिहिला. "फिनेल टाकण्यात यावे." सुवाच्य अक्षरात.

२१ डिसें.
हिरा आता आमच्याकडे येत नाही. वहिनी कुरकुरते. दुसरी एक कोळीण येते, भाव करत नाही, बोलत नाही. पाटी उतरवायची, उचलायची.

१० जानेवारी १९५९
काल अवस. उधाणाचं पाणी. दुपारी बायका बाजार आटपून परतत होत्या, वाट गुडघाभर पाण्यात. बायजाआय शेवाळावरून घसरली, पाटीसकट. खुब्याचं हाड मोडलं. दोघा मिठागऱ्यांनी उचलून आणली.
मला शाळेत कळलं, मुलींच्या तोंडून. एक मुलगी हसत सांगत होती, मासळी कशी तरंगत गेली ते. मी तिला मारलं. आजवर मुलीवर हात उगारला नव्हता.

११ जाने., रविवार
कोळीवाड्यात गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.
म्हातारी पडवीत पडलेली. हाडवैद्यानं कामट्या बांधल्यात. डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले, म्हातारी नाही म्हणते. हिरानं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. हेच फार लागलं. घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं.
"हिरा, तो अर्ज मी लिहिला होता," शेवटी बोलले.
ती जाळं विणत होती, विणतच राहिली. "आमाला तवाच कललं. कारकुनानं कागद समोर धरून वाचून दाखवला. संगती आमच्या शाळंतल्या पोरी व्हत्या, त्यांनी अक्षर वलकलं. त्यांच्या वह्यांवर तुमचंच अक्षर हाय ना."
म्हणजे शाळेच्या फाटकाशी आल्या होत्या तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून आल्या होत्या.

१३ जाने.
झोप नाही, भूक नाही. वहिनी विचारते, काय होतंय. काय सांगू.

१८ जाने.
लिहिला. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं. गटार, संडास, तुंबलेलं पाणी, खाडीपलीकडची वाट, म्हातारीचं हाड. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. खाली सही: कुसुम, शिक्षिका, आणि आळीचं नाव. सही करताना अक्षर वाकडं आलं. तसंच ठेवलं. स्वतः पोस्टात टाकून आले.

७ फेब्रुवारी
न.पा.ला विचारणा आली. संध्याकाळी बापूसाहेब ओटीवर. मला बाहेर बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा ओटीवर पुरुषांसमोर उभी, तीही आरोपी म्हणून.
बापूसाहेब शांत होते. "कुसुमताई, तुमच्या भावाच्या सहीचा अर्ज खोटा, असं तुम्ही सरकारला कळवलंत. नानांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत."
नाना माझ्याकडे बघतच नव्हते. पुढे इतकंच: "घरात राहतेस माझ्या."
मी आत आले. वहिनी चुलीशी बसून रडत होती. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, विचारलं नाही.

२६ फेब्रु., गुरुवार
चौकशी न.पा.च्या सभागृहात. अलिबागहून आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर आलेले, तरुण, नम्र. आळीचे सगळे एका बाजूला, कोळी मंडळी दाराशी उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.
इन्स्पेक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. "बाई, दोन्ही अक्षरं तुमचीच दिसतात. एकात वास बाजाराचा, एकात गटाराचा. खरं कुठलं?"
"दुसरं."
"मग पहिलं का लिहिलंत?"
उत्तर तयार करून गेले होते. भाऊ, आश्रय, बाईमाणूस. समोर हिरा उभी होती. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. म्हटलं, "लिहायला नको होतं."
मग ते गटार बघायला गेले. काल सकाळीच गटार स्वच्छ धुऊन, चुना टाकून ठेवलेलं. बापूसाहेबांनी स्वतः उभं राहून दाखवलं. वास नव्हता. तेवढा एक दिवस नव्हता.
इन्स्पेक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं. "अहवाल पाठवतो," एवढंच.
बाहेर हिरा भेटली. म्हणाली, "खरं बोललात, बाय. आयचा पाय त्यानं जुलत न्हाय."

२ मार्च
गटारात पुन्हा पाणी. वास परत.

९ मार्च
नाना महिनाभर बोललेले नाहीत. ताट मी वाढते, ते जेवतात. आज अचानक म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." मला रडू आलं, इतकं हवं होतं मला काहीतरी ऐकायला. स्वतःचीच लाज वाटली.

१६ मार्च
बदलीचा हुकूम. तळे गावी. एक एप्रिलला हजर व्हायचं. कारण: शाळेची सोय. वामनराव जिल्हा स्कूल बोर्डावर आहेत. नानांनी हुकूम वाचला आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला. त्यांना हायसं वाटलं असावं. तळ्याला ना समुद्र, ना ओळखीचं माणूस. जायचं, की नोकरी सोडून याच घरात बसायचं?
अहवालाचा पत्ता नाही.

२२ मार्च, रविवार
सकाळी हिराचा निरोप: दुपारी कोळीवाड्यात सभा आहे, या.
वाळत घातलेल्या सुकटीशेजारी चटया टाकल्या होत्या. पन्नासेक माणसं. बायका पुढे, पुरुष मागे. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बायजाआयला खाटेसकट आणून ठेवली होती. मला मधे जागा दिली, कागद दिला.
विषय: बाजार जुन्या जागी परत यावा म्हणून कलेक्टरांना अर्ज. हिरा म्हणाली, बाई लिहितील. तशी मागून एक म्हातारी उठली, "हिच्या हातानं नको. हिच्याच हातानं बाजार गेला." दुसरी म्हणाली, मग कुणाच्या? पुरुषांतला एक म्हणाला, "ती तर तल्याला चालली, उद्या साक्षीला कोन उभं राहील?" बोलणं वाढत गेलं. बाजूनं, विरुद्ध, सगळ्या एकदम. कुणी माझी बाजू घेई, कुणी तोंडावर बोले. मी आहे म्हणून कुणी आवाज खाली केला नाही.
हिरा माझ्याकडे वळली. "बाय, तुमी र्‍हाता का जाता?"
बायजाआयनं खाटेवरून मान वळवली.
मी म्हटलं, "माहीत नाही अजून."
हिरानं मान हलवली. रागानं नाही. मग पुन्हा बोलणं सुरू झालं. खाडीचं पाणी वर चढू लागलं तरी ठरेना. मी निघाले तेव्हा कागद कोराच होता, आणि सभा चालूच होती.