पहिलं नाव: बाळ

५ मार्च २००१, माउंट रॉस्किल
पोचलो एकदाचे परदेशात! घर छोटंसं, पण मागे लिंबाचं झाड आहे. घरमालकीण पुण्याचीच, सुलभाकाकू कर्णिक. चोवीस वर्षं झाली त्यांना इथे. आल्या आल्या खिचडी पुढे ठेवली, वर मला तिसरा महिना आहे हेही ओळखलं. या बाईपासून काही लपायचं नाही! सागर दूध आणायला डेअरीत गेला आणि दुकानदाराला इथल्यांसारखं ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘झकास’, म्हणून आला. शहाणा नवरा माझा!

२ एप्रिल
नोकरी लागली. हॉस्पिटलच्या तळघरात जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची. बरण्याच बरण्या आहेत तिथे, आत लहान मुलांची हृदयं, दर बरणीचं एक कार्ड. पहिल्या दिवशी डबा उघडवला नाही. डॉक्टर हॉलिस फार प्रेमळ. म्हणाले, यांच्यावरूनच ऑपरेशनं शिकलो, हजारो मुलं जगली. आता आत जाताना मी मनात नमस्कार करते.

१८ मे
स्कॅन झाला. मुलगी आहे. हृदयाला भोक आहे. रडून रडून डोळे सुजलेत. हॉलिस म्हणाले, जन्मल्यावर ऑपरेशन करू, वाचेल. सागरच्या कानात नाव सांगितलं, नीलांबरी. बारशापर्यंत कुणापाशी बोललास तर बघ, म्हटलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मी ‘आय’ म्हणाले, तो ‘डबल ई’वर अडला. भांडलोसुद्धा.

२६ जून
आज काकूंनी आपणहून सांगितलं. त्यांचंही एक मूल हृदयानेच गेलं, १९७९ साली, नवव्या दिवशी. बारसं राहिलं होतं. नर्सने नाव विचारलं तर काकू म्हणाल्या, अजून बाळच. तिने फॉर्मवर तेच लिहिलं. थडग्याच्या दगडावरही तेच आहे. दर महिन्याला काकू तिथे फुलं नेतात. पांढऱ्या पेटीत माझं बाळ अख्खं झोपलंय, म्हणाल्या.

२८ जून
कार्ड ४१२. पहिलं नाव बाळ, आडनाव कर्णिक. वय नऊ दिवस. परवानगीचा रकाना कोरा.
अख्खं नाही हो, काकू.

३ जुलै
हॉलिसना विचारलं. तेव्हा कुणी विचारत नसे, म्हणाले. तुझी मुलगी वाचणार ती यांच्यामुळेच.
रोज नमस्कार करत होते मी, कसल्या चोरीला! आणि त्याच चोरीवर माझी पोर —
काकूंनी डोहाळजेवण केलं. हिरव्या बांगड्या भरल्या. कुठल्या तोंडाने सांगू?

९ जुलै
कपाटात नवी बरणी. रिकामी. लेबल आहे — नीलांबरी. डबल ई.
हे नाव एकालाच माहीत होतं.
कार्डही तयार आहे. हृदय काढल्याची तारीख, १० ऑक्टोबर. अजून जुलै आहे.
परवानगी — सागरची सही. काकूंना कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारलं. मला नाही.

११ जुलै
सागर म्हणतो, ऑपरेशन फसलं तरच. म्हणतो, शिक्षणासाठी. मग तारीख आधीच कशी — मेल्या, माझं बाळ ते —

१२ जुलै
सागर हॉलिसना घरी घेऊन आलाय. आईचीही सही लागते म्हणे. मी खोलीत कडी लावून — काकू चहा टाकतायत — काकू हाका मारतायत, आनंदाने, अगं मधुवंती, बाहेर ये, हेच ते डॉक्टर! माझ्या बाळाला शेवटपर्यंत यांनीच सांभाळलं —
काकू, अजूनही तेच सांभाळतायत, तळघरात—