धवल्यांची दुसरी प्रत

शहापूर
फेब्रुवारी २००६

प्रिय रुपाली,

सोबतच्या डब्यात एक हार्ड डिस्क आहे. टॉवेलात गुंडाळून पाठवलीय. आपटू नकोस. तुझ्या वाशिंदच्या नव्या ब्लॉकमध्ये कपाटं भिंतीतच केलीत असं ऐकलं. ऐकलंच, बोलावलंस कुठे अजून? तर त्यातल्या वरच्या कोरड्या कप्प्यात ती ठेव.

तुला वाटेल, ताईला आज माझी आठवण कशी झाली. झाली नाही, करून घ्यावी लागली. आईने गायलेली लग्नातली गाणी, तिचे धवले, आमच्या कॉम्प्युटरवर आहेत. ती गेल्यापासून तू ते मागतेस आणि मी आज कॉम्प्युटर बिघडलाय, उद्या लाइट नाही, असं काहीबाही सांगत आले. खरं म्हणजे मला द्यायचेच नव्हते. आईचा गळा तुला मिळाला, हळदीत गायची बोलावणी तुला येतात. म्हशाच्या जत्रेत बायका तुला थांबवून विचारतात, “लहानीबायची पोर ना गो तू?” आणि मी शेजारी पिशव्या धरून उभी, जशी काही कुणाची पोरच नाही. आईची एवढी एकच गोष्ट फक्त माझ्याकडे होती.

पण पावसाच्या शेवटाला वीज कडाडली आणि शेजारच्यांचा कॉम्प्युटर जळला, तेव्हा मी धावत जाऊन आमचा प्लग उपटला. आमचाही जळला असता तर आईचा आवाज कुठून आणणार होते? फ्लॉपीत एक धवलाही मावेना. मग सीडी करून आणली आणि देव्हाऱ्याखाली ठेवली. खंडेनवमीला सासूबाईंनी विळे-कोयत्यांबरोबर तीही पाटावर मांडली, चकचकीत बाजू वर करून, आणि हळदकुंकू वाहून वर पाणी शिंपडलं. मी घाईने पदराने खसाखसा पुसली. कुंकू गेलं, त्याबरोबर निम्मे धवलेही गेले. सासूबाई बिचाऱ्या म्हणतात, “देवाचीच गानी ना ती, कुकवाने काय होतं गो?”

पेन ड्राइव्ह तुझ्या भावोजींना पटेना, तो चावीसारखा कुठेही पडेल म्हणाले. शेवटी ही दुसरी हार्ड डिस्क आणली. सगळं तिच्यावर उतरवलं, एकेक धवला शेवटपर्यंत ऐकून पाहिला आणि कॉम्प्युटरशेजारीच ठेवून दिली. तर हे हसायला लागले. म्हणाले, घर पेटलं तर दोन्ही जातील, दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. दुसरं घर म्हणजे कुणाचं, हे मला लगेच कळलं आणि मी यांच्याशी बोलेनाशी झाले. नणंदेकडे उंदीर आहेत, मामाकडे कुणीही काहीही उचलून नेतं. फिरून फिरून तुझंच कपाट.

आता तू ती जोडून ऐकशीलच, म्हणून आधीच सांगते. रेकॉर्डिंगला बसले तेव्हा आईने माइकपुढे नारळ ठेवला, पण गाईना. “नवरीचं नाव नाय तर धवला उचलायचा कसा गो?” म्हणाली. घे कुणाचंही, मी म्हटलं. समोर मीच बसले होते. तिने तुझं घेतलं. सगळ्या धवल्यांत नवरी रुपालीच आहे. माझ्या लग्नात ती रडत बसली आणि धवले दुसऱ्याच बाईने म्हटले. तुझ्या लग्नात मात्र डोळे पुसून तिनेच सूर लावला. मी तेव्हा जळले, आणि हे रेकॉर्डिंग ऐकताना दर वेळी जळते.

आमच्या अक्षदाचं लग्न ठरलंय. हळदीला धवले म्हणायला तुला बोलवायचंच नाही, आईचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण माझ्या लेकीच्या अंगाला हळद लागताना तुझं नाव कसं वाजवू? तेव्हा तूच ये. आदल्या दिवशीच ये. नवरी म्हणून अक्षदाचं नाव घे. आणि धवल्यात नवरीच्या आईचंही नाव येतं ना, तिथे माझं घे, आई घ्यायची तसं लांबवून. तिच्या गळ्यातून धवल्यात माझं नाव मी कधी ऐकलं नाही.

वाट बघणारी तुझीच,
शकूताई